गादीवाला उमेदवार

गुनार टोलेफसनच्या कल्पना ऐकताना खुळचट वाटायच्या आणि अमलात आणल्या की तशाच निघायच्या. तरीही घरात निवडणूक आली की सगळी सूत्रं त्याच्याच हाती जात, कारण सकाळी उठल्या उठल्या मतांचे टक्के चघळायची हौस दुसऱ्या कोणाला नव्हती. त्या शनिवारी त्याला दोन माणसं तळ्याकाठच्या घरात अशी आणायची होती, की फाटकाबाहेर तळ ठोकून बसलेल्या वार्ताहरांना पत्ता लागू नये. एकाला त्याने गळाला लावायची गांडुळं आणि जळवा विकणाऱ्याच्या बंद गाडीतून आणलं. दुसऱ्याला आणलं गादीच्या ट्रकमधून.

हा दुसरा म्हणजे रेमी फॉन्टेनो. लुइझियानातला गाद्यांचा राजा. वीस वर्षं हा माणूस टीव्हीवर पत्र्याचा मुकुट घालून गादीवर उडी मारत आला होता, आणि ट्रकच्या दोन्ही अंगांना त्याचंच पुरुषभर उंचीचं हवेतलं चित्र होतं. लाइलने मेव्हण्याला विचारलं, ज्याला लपवायचं त्याचंच चित्र असलेली गाडी कशासाठी? गुनार म्हणाला, "म्हणून तर. संशय कोण घेईल?"

आणि खरोखरच कोणी घेतला नाही. वार्ताहरांनी फक्त टोलेफसनांकडे नवी गादी आल्याची बातमी दिली. त्यामुळे गादी उतरवणं भाग पडलं. ती दारातून आत जाईना, म्हणून तळ्याकडच्या जाळीच्या पडवीतच टाकावी लागली, आणि एकदा टाकल्यावर म्हातारे आर्विड तिच्यावर जे आडवे झाले ते उठायला तयार होईनात. "पाठीला बरं वाटतंय," एवढंच ते म्हणाले. ते गुनार आणि त्याची बहीण सिग्ने यांचे वडील. एकेकाळी सगळ्या देशाने त्यांचं नाव घेतलं होतं, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी पाठीपलीकडे त्यांचं कोणाशी फारसं पटत नव्हतं.

लाइल त्या घरचा जावई. आयुष्यभर गाईगुरांना औषधपाणी करून गेल्या वर्षी निवृत्त झालेला. त्याची बायको सिग्ने मिनेसोटाची गव्हर्नर होती, आणि त्या उन्हाळ्यात तिने देशाच्या अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी अशी जिंकली, की अधिवेशनात तिच्या नावाची घोषणा ही आता नुसती रीत उरली होती. प्रश्न होता दुसऱ्या नावाचा. उपाध्यक्षपदासाठी जोडीला घ्यायचं कोणाला? पक्षाने समिती नेमली होती, समितीने अहवाल दिला होता, आणि सिग्नेने तो वाचून सांगितलं होतं की शनिवारी घरी जेवायला बोलवू, मग ठरवू. टोलेफसनांच्या तीन पिढ्यांत कुठलाही मोठा निर्णय या घराबाहेर झालेला नव्हता. लाइलशी लग्न करायचं तिने ठरवलं तेव्हाही याच पडवीत मतदान झालं होतं. तो एका मताने निवडून आला होता.

जळवांच्या गाडीतून उतरलेले गृहस्थ होते सिनेटर हॉरेस विटकोम्ब, पेनसिल्व्हेनियाचे. चौतीस वर्षं सिनेटमध्ये. अर्थसंकल्प, परराष्ट्र, लष्कर, धान्य, सगळ्या समित्यांवर बसून झालेले. कोटाला भलताच वास मारत होता, पण त्याचा उल्लेखही न करता त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि घराच्या पायऱ्या कुठल्या लाकडाच्या आहेत ते विचारलं. गुनारने त्यांच्याविषयी पाहणी करून घेतली होती. देशातल्या दहात एकाला त्यांचं नाव ठाऊक होतं. त्यांतल्या निम्म्यांना ते वारल्याचं वाटत होतं. "पण वारल्याचं वाटतं ते लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात," गुनारने प्रामाणिकपणे सांगितलं.

रेमी फॉन्टेनोला काँग्रेसमध्ये येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्याआधी गाद्या. पण दहातले नऊ त्याला ओळखत, आणि सात जणांना तो आपल्या घरचाच वाटे. ट्रकमधून तो घामाने निथळत बाहेर पडला, आर्विडना गादीवर पाहून हरखला आणि त्यांच्याशेजारी गुडघे टेकून म्हणाला, "आजोबा, कुशीवर झोपता की उताणे? मग उशी बदला, गादी ठीक आहे." म्हाताऱ्याने आयुष्यात प्रथमच एका राजकारण्याचा सल्ला तत्काळ मानला.

जेवायला तळलेला तळ्यातला मासा, रानतांदूळ घातलेला भाजलेला पदार्थ आणि रूबार्बच्या आंबट देठांची गोड पाई होती. लाइलने स्वतः रांधलं होतं. जेवताना गुनारने दोघांना तेच प्रश्न विचारले. तेलाच्या जहाजांची सामुद्रधुनी बंद पडली तर काय कराल, या प्रश्नावर सिनेटर विटकोम्बनी एका जुन्या तहापासून सुरुवात केली. ते जे सांगत होते ते लाइलला समजत होतं, पटतही होतं. पण मध्येच आपण काट्याने रिकामी ताटली खरवडतोय हे त्याच्या ध्यानात आलं. पडवीतून आर्विडचं घोरणं ऐकू येऊ लागलं. लाइलची लेक टिल्डा आईच्या प्रचाराच्या चित्रफिती काढायची. तिने सिनेटरांना एकदा जरा हसायची विनंती केली. त्यांनी विचार केला आणि हसले. टिल्डाने ते पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि पुसून टाकलं.

तोच प्रश्न रेमीला विचारला तेव्हा त्याने काटा खाली ठेवला, गुनारच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "मला माहीत नाही."

गुनार नंतर स्वयंपाकघरात लाइलला कोपऱ्यात घेऊन सांगत होता, "ऐकलंस? किती छान 'माहीत नाही' म्हणाला. मला तर वाटलं, कोणालाच माहीत असू नये."

जेवण झाल्यावर पाहुण्यांना बोटीच्या धक्क्यावर कॉफी देऊन बसवलं आणि घरचे पडवीत जमले. खुर्च्या आत असल्यामुळे आणि आर्विड हलत नसल्यामुळे सगळे गादीच्या कडेकडेने बसले, जणू कोणाचं आजारपण काढायला आलेत. सिग्ने तेवढी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती हल्ली बरेचदा टेकून उभी राहायची.

लाइलला ते टेकणं ठाऊक होतं. हिवाळ्यात तो ते पाहू लागला होता. सरकारी निवासस्थानाच्या जिन्यात ती मध्येच थांबायची आणि फोन कानाला लावायची. एकदा त्याने पाहिलं, फोन बंद होता. मग तिला गाडीत घालून त्याने शेजारच्या राज्यात नेलं. कोणी ओळखू नये म्हणून आपल्या आडनावाने तिचं नाव नोंदवून डॉक्टरला दाखवलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टर म्हणाला, शस्त्रक्रिया करून टाका, पुढे चिंता नाही. नाही केली तर दहा वर्षं निघतील किंवा निघणार नाहीत. सिग्नेने सांगितलं, नोव्हेंबरनंतर. आणि परतीच्या वाटेत लाइलकडून वचन घेतलं की हे दोघांतच राहील.

त्या वचनाचं ओझं घेऊन तो आता गादीच्या कडेला बसला होता आणि विटकोम्बची बाजू मांडत होता. त्याने म्हटलं, माणूस रुक्ष आहे, पण त्याला सगळं येतं. हे पद शोभेचं नाही.

"अरे, शोभेचंच आहे," गुनार म्हणाला. त्याने हिशेब समजावून सांगितला. दक्षिणेतली दोन राज्यं रेमीच्या एका उडीवर येतील. विटकोम्बमुळे पेनसिल्व्हेनिया येईल असं सगळे म्हणतात, पण पेनसिल्व्हेनियातसुद्धा ते वारलेत. टिल्डाने मामाला दुजोरा दिला. लोकांना आई हुशार वाटते पण तिची भीती वाटते, ती म्हणाली. शेजारी कोणीतरी हवं, ज्याच्याकडे पाहून बरं वाटेल.

लाइल म्हणाला, बरं वाटायला कुत्रा पाळावा.

"तू गुरांचा डॉक्टर," गुनार म्हणाला. "गुरं मतदान करत नाहीत. म्हणून तुला आवडणं वगैरे कळत नाही."

इथून बोलणं घसरलं. लाइलने गुनारला तो स्वतः ज्या तीन निवडणुकांना उभा राहून पडला त्यांची आठवण करून दिली. गुनारने एका मताने निवडून आलेल्या जावयाने जपून बोलावं असं सुचवलं. टिल्डा बापाला म्हणाली, तुम्ही नेहमी म्हाताऱ्यांचीच बाजू घेता. आर्विडना विचारलं तर ते म्हणाले की त्यांचं मत गादीला आहे. गुनारने ते रेमीच्या खात्यात धरलं. लाइलने हरकत घेतली. गादी आणि गादीवाला एक की वेगळे, यावर घरातली तीन शिकलेली माणसं बराच वेळ भांडली, आणि राष्ट्राची सामुद्रधुनी धक्क्यावर दोघांच्या भरवशावर राहिली.

शेवटी गुनार उठला. "सोड ना लाइल. उपाध्यक्षाला काम काय असतं? लग्नाकार्यात उभं राहायचं, मयतीला जायचं. वर अध्यक्ष धडधाकट असला की खाली दगड ठेवलास तरी चालतो. आणि सिग्ने घोड्यासारखी आहे."

"ती धडधाकट नाही," लाइल म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला आपलाच आवाज परका वाटला. त्याने सिग्नेकडे पाहिलं नाही. खाली गादीच्या शिवणीकडे पाहत त्याने झडपेचं सगळं सांगून टाकलं: शेजारचं राज्य, आडनाव, दहा वर्षं किंवा नाहीत.  टिल्डा उठून आईकडे गेली, पण जवळ पोचल्यावर काय करावं ते न सुचून तशीच उभी राहिली.

सिग्नेचा चेहरा पांढरा झाला होता. ती ओरडणाऱ्यांतली नव्हती. "तू वचन दिलं होतंस," ती म्हणाली.

"दिलं होतं."

"मग?"

"मग काय. मोडलं. रेमीचं नाव पुढे जाऊ लागलं तसं मला राहवेना."

 तिने तोंड फिरवलं. लाइलला वाटलं, एकतीस वर्षांचा संसार आपण एका गाद्या विकणाऱ्यापायी घालवला.

तेव्हा आर्विड उठून बसले. गादीने हाताला आधार दिला नाही म्हणून त्यांना दोन प्रयत्न करावे लागले.

बेचाळीस वर्षांपूर्वी आर्विड टोलेफसन स्वतः उपाध्यक्षपदाला उभे होते. तरुण, देखणे, सरळ दातांचे. निवड दातांवरूनच झाली असं विरोधक म्हणत. पक्षाचा धुव्वा उडाला होता. निकालाच्या रात्री ते हॉटेलच्या न्हाणीघरात स्वतःला कोंडून घेऊन बसले आणि पहाटेपर्यंत बाहेर आले नाहीत, ही गोष्ट घराण्याचं दैवतच झाली होती. गुनार प्रत्येक प्रचारात ती सांगे: माझ्या बापाने देशासाठी अश्रू ढाळले.

"मी रडलो नव्हतो," आर्विड म्हणाले. "मी टबात झोपलो होतो."

गुनार म्हणाला, "बाबा, तुम्ही थकलात."

"ऐक. आमचा वरचा माणूस, अध्यक्षपदाचा उमेदवार, आजारी होता. मला प्रचारात कळलं. विमानातून उतरताना त्याने माझा दंड धरला तेव्हा कळलं. मला काही येत नव्हतं, गुनार. मी फक्त चांगला दिसायचो. तीन महिने मला झोप नव्हती, रोज देवाला म्हणायचो, आम्हाला पाड. पडलो, आणि टबात अंग टाकलं तसा डोळा लागला. तुझी आई बाहेर दार वाजवत होती, तिला वाटलं मी जिवाचं काही करतोय."

"आणि हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?" सिग्नेने विचारलं.

"सगळे इतके रडत होते की बरं दिसलं नसतं."

गुनार गादीवर बसला. बेचाळीस वर्षांचं भाषण हातातून गेलेला माणूस कसा दिसतो ते लाइलने पाहिलं आणि त्याला त्याची कीव आली.

सिग्नेने हनुवटी वर केली. लाइलने ही हनुवटी ओळखली. यानंतर मतदान होत नसे. "त्या दोघांना बोलवा," ती म्हणाली.

धक्क्यावरून दोघं बरोबरच आले. रेमीच्या विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले होते आणि सिनेटरांचेही, आणि दोघांची गट्टी जमलेली दिसत होती. सिग्नेने त्यांना बसायला सांगितलं नाही. तिने झडपेचं सांगितलं, अगदी कोरडेपणाने. म्हणाली, "दुसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्याला पहिलीवर बसावं लागण्याचा संभव आहे. लहान नाही. आता बोला."

सिनेटर विटकोम्बनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी मान हलवली. "गव्हर्नर, मी माझं नाव मागे घेतो."

 लाइलचा माणूस पळत होता.

सिनेटर म्हणाले की त्यांनी सहा अध्यक्ष जवळून पाहिलेत. कोणत्या दिवशी कोणाचे केस पांढरे झाले तेही त्यांना ठाऊक आहे. "मला ही जागा हवी होती ती शेवटची चार वर्षं मानाने बसायला. त्या टेबलामागे काय असतं हे ज्याला नीट माहीत आहे तो या वयात तिकडे जात नाही. मला अनुभव आहे, म्हणूनच नको म्हणतोय."

"पाहिलंस?" गुनार हलक्या आवाजात म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

 रेमी गादीपाशी आला. ज्या माणसाला वीस वर्षं सगळ्या देशाने गादीवर उडी मारतानाच पाहिलं, तो तिच्या कडेवर सावकाश, दोन्ही हात टेकून बसला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं होतं कोण जाणे. त्याच्याशिवाय तो चांगला दहा वर्षांनी मोठा दिसत होता.

"मॅडम, मला भीती वाटते," तो म्हणाला. "आल्यापासून वाटतेय. मला वाटलं होतं, हात हलवायचे आहेत. हात मला हलवता येतात." मग तो सिनेटरांकडे वळला. "हॉरेस, ती सामुद्रधुनी. शिकायला किती वेळ लागतो?"

"सामुद्रधुनी?" सिनेटरांनी खरोखर विचार केला. "तुम्ही मध्ये प्रश्न विचारले नाहीत तर एक आठवडा."

"मी विचारणार."

"मग दोन."

आर्विडनी हात लांब करून रेमीच्या पाठीवर ठेवला. "हे मी तेव्हा बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "पहिलं वाक्य. भीती वाटते ते."

सिग्नेने खुर्ची मागितली. टिल्डाने आतून आणली, आणि सगळ्यांच्या देखत ती बसली. बसून तिने एकेक गोष्ट सांगितली. रेमी. पण शस्त्रक्रिया नोव्हेंबरनंतर नाही, येत्या मंगळवारी. अधिवेशनाला धड चालता येईल न येईल, बघू. सिनेटर अध्यक्षांचे सल्लागार होतील, त्यांना उशिरा यायची आणि लवकर जायची मुभा, फक्त रेमीला रोज शिकवायचं. आणि हे सगळं आता फाटकावर जाऊन सांगायचं. झडपेसकट.

गुनारने डोकं धरलं. झडपेचे किती टक्के जातील याचा तो पुटपुटत अंदाज घेऊ लागला. सिग्ने म्हणाली, "जाऊ देत. लपवून आणलेल्या माणसांचा आणि लपवलेल्या दुखण्यांचा मला कंटाळा आलाय."

ऊन कलल्यावर ती फाटकाशी गेली. एका बाजूला रेमी, दुसऱ्या बाजूला जळवांच्या वासाचे सिनेटर. वार्ताहरांनी आधी विचारलं की हे आत आले कधी. मग तिने झडपेचं सांगितलं तसे सगळे एकदम बोलू लागले. रेमीला कोणीतरी ओरडून म्हणालं, उडी मारून दाखवा. तो म्हणाला, "आज नको," आणि तेही लोकांना आवडलं. टिल्डाच्या फोनवर येणारे निरोप वाचून गुनार चक्रावला होता. ज्यांना कालपर्यंत सिग्नेची भीती वाटत होती त्यांना आज तिच्या झडपेबद्दल आपुलकी वाटू लागली होती. बायका आपापल्या आयांच्या, आत्यांच्या झडपांविषयी लिहीत होत्या. "मला या देशातलं काही कळत नाही," गुनार धक्क्यावर येऊन लाइलला म्हणाला, आणि लाइलला वाटलं, गुनारच्या आयुष्यातला हा पहिला बिनचूक अंदाज.

लाइल स्वतः फाटकावर गेलाच नव्हता. तो धक्क्यावरच बसून होता. दुपारपासून सिग्ने त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि त्याला ते मान्य होतं. तळ्यात कोणाची तरी बोट संथ चालली होती. मागे फळ्या वाजल्या. चालणं हळू होतं. मध्ये एकदा थांबलं, आणि या वेळी फोनचं सोंग नव्हतं. ती नुसती उभी राहिली, दम घेतला आणि आली. त्याच्याशेजारी बसली.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"ठीक आहे."

"मंगळवारपर्यंत राहणार आहे. कदाचित पुढेही."

"राहा."

 पाण्याकडे पाहत ती म्हणाली, "एक सांग. खरं सांग, नवरा म्हणून नको. मी गाय असते, आणि माझ्या मालकाने तुला बोलावून हे दाखवलं असतं, तर काय सांगितलं असतंस?"

लाइलने विचार केला. चाळीस वर्षं तो गोठ्यागोठ्यातून हेच सांगत हिंडला होता, आणि मालकाला खोटं सांगायची त्याला सवय नव्हती.

"विकू नका, म्हणालो असतो," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण तिचं सगळं वजन हळूहळू त्याच्या खांद्यावर आलं, आणि ते तिथेच राहिलं.